आईच्या पियानोची फळी

त्या दिवशी आमच्या गिटारी बनवायच्या कार्यशाळेत मी मुद्दाम बाबांकडे पाठ करून बसले. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कबूल. पण त्या दिवशी त्याला रास्त कारण होतं.

आईच्या पियानोला वाळवी लागली. आवाज घुमवणाऱ्या आतल्या ध्वनिफलकातून स्प्रूस लाकडाच्या जेमतेम दोन फळ्या वाचल्या. त्या जोडून एका गिटारची वरची फळी होणार होती, दुसरी नाही. चाळीस वर्षं आईच्या हाताखाली थरथरलेलं लाकूड.

"ही फळी मी रंधते," मी सकाळी म्हणाले.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुझा कान अजून कच्चा आहे. तू गिटारच्या शिसवीच्या बाजू वाकव."

अठरा वर्षं हाताखाली राबून कान कच्चा! मी बाबांसमोरचं माझं स्टूल उचललं, कोपऱ्यातल्या तापलेल्या पाइपापाशी नेलं आणि भिंतीकडे तोंड करून त्याच्यावर शिसवी वाकवायला घेतली.

बाजू आणि पाठ शिसवीची असली की आवाजाला खोली येते, पण गिटार बोलते ती वरच्या फळीने. फळी जाड राहिली तर आवाज आतच कोंडतो. फार पातळ झाली तर पत्र्यासारखी वाजते आणि तारांच्या ओढीने वर्षभरात दबते. बाबा मधली जागा कानाने शोधत. दोनदा रंधा फिरवायचा, फळी दोन बोटांत लटकवायची, पेराने एक ठोका द्यायचा. जाडी मोजायचं यंत्र खोक्यात धूळ खात पडलेलं. ठोके चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा मी शिंकले तर दिवसभर अबोला धरला होता.

टक्. जड, मुका आवाज. रंधा सरकला. टक्. जरा मोकळा.

आणि मग टण्ण. स्वच्छ, लांबवर रेंगाळणारा. झालं, इथेच थांबायचं. रंधा खाली ठेवल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहिली.

रंधा पुन्हा चालला.

शेवटचा हात असेल, सफाईचा. पण पुढचा ठोका सैल आला. पुन्हा रंधा. त्याच्या पुढचा त्याहून सैल. माझा जीव टांगणीला लागला. त्यांना असं काही ऐकू येतंय का, जे मला येत नाही? कच्चा कान! हातातली शिसवी करपून वास सुटला, तरी बाबांची शिवी आली नाही. पुन्हा रंधा.

"बाबा, पुरे!"

रंधा चालूच.

"बाबा!" मी गर्रकन वळले.

बाबा लाकडाकडे बघतच नव्हते. कपाळावर घाम, डोळे माझ्यावर खिळलेले. माझा चेहरा दिसला आणि त्यांचा हात जागीच थांबला.

"झालं होतं?"

"केव्हाच!"

"मग पाठ करून काय बसलीस?" त्यांचा आवाज फाटला. "मला कसं कळणार?"

मी माझ्या स्टूलाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझं स्टूल स्वतःच्या समोर आणून ठेवलं होतं. म्हणे तिथे उजेड चांगला. प्रत्येक ठोक्याला वर बघायचे, आणि मी समजायचे, माझ्या चुका शोधतायत.

"स्वर लागला की तू ओठ आवळतेस," ते म्हणाले. "लहानपणापासून."

"आणि तुम्हाला काय ऐकू येतं?"

"समोरून बोललीस तर समजतं. ठोका नाही."

मी यंत्र काढून फळी मोजली. मधोमध दोन मिलिमीटरच्याही खाली. वाया गेली म्हणून मी फळी त्यांच्यासमोर आपटणारच होते. ते अजून माझ्या तोंडाकडेच बघत होते म्हणून आपटली नाही.

"आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवू," ते म्हणाले. "उंच ठेवल्या तर ओढ सोसेल. मग ठोका ऐकत जरा जरा तासायच्या. तू तास."

"माझा कान कच्चा आहे ना?" मी त्यांच्या तोंडासमोर ओरडले.

"कच्चा असता तर दोन वर्षांत माझ्या नावावर सात गिटारी खपल्या असत्या?"

मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला. सात गिटारी. लोकांनी बाबांच्या कानाचं कौतुक केलं होतं, आणि मी बाजूला उभी राहून मान डोलावली होती.

सरस वाळायला दोन दिवस गेले. मग मी स्टूल पुन्हा त्यांच्यासमोर आणलं. पहिली पट्टी थोडी तासली आणि ठोका दिला. त्यांनी तळहात फळीच्या कडेला टेकवून माझ्या ओठांकडे पाहिलं.

"अजून नाही, बाबा," मी मोठ्याने म्हणाले.