गेणूची पावरी

अरे, दोन हजार चार सालचं सांगतोय. पंचवटीत जयरामची एक खोली, आणि खोलीत एक जपानी सिंथेसायझर. रात्रंदिवस चालूच! बंद करायचाच नाही. कारण पडद्यावर सारखं झळकायचं, आतली बॅटरी संपत आलीय. म्हणजे वीज गेली की साठवलेले सगळे आवाज साफ! लोडशेडिंगला तोड म्हणून त्यानं मंडपवाल्याचा इन्व्हर्टर आणून जोडून ठेवलेला.

आणि त्या आवाजांत एक होता गेणूचा. जयरामचा थोरला भाऊ, ऑर्केस्ट्रात वाजवायचा. बटणं फिरवून फिरवून त्यानं पावरी बनवली होती, त्यांच्या सुरगाण्याकडची, भोपळ्याची असते ना, तीच. फुंकताना आधी जरा श्वास अडकतो, ते अडकणंसुद्धा! मग कळवणचा कार्यक्रम उरकून येताना गेणूची मोटारसायकल ट्रकखाली गेली. मशीन मागच्या टेम्पोत होतं. त्याला ओरखडा नाही.

तो आवाज बाहेर काढून ठेवायचा कसा, ते फक्त मशीनच्या पुस्तिकेत. माल सेकंडहँड, पुस्तिका कुठली असणार! मुंबईचा दुकानदार फोनवर हसला. सायबर कॅफेवाली सरिता रोज शोधायची. सापडली, तर जपानीत.

"घे, वाच," ती म्हणाली. "चित्रं तरी छान आहेत."

शेवटी जर्मनीतल्या कुणीतरी आपली इंग्रजी पुस्तिका स्कॅन करून पाठवली. सरिता पानावर बोट ठेवून ओरडलीच, "हे बघ! ही दोन बटणं दाबायची, वायर कॉम्प्युटरला लावायची, सगळे आवाज फाइलमध्ये! फक्त तोवर मशीन बंद करू नको, जाड अक्षरात लिहिलंय."

"बंद कोण करतंय!"

कॅफेचाच कॉम्प्युटर रिक्षात घातला आणि निघाले दोघं. जयराम रस्ताभर रिक्षावाल्याला म्हणतोय, हळू घे, हळू घे.

आता, आईला त्यानं खरं कारण सांगितलंच नव्हतं. मशीन थंड पडलं की बिघडतं, एवढंच म्हणाला होता. कसं सांगणार, की गेणू दुसऱ्यांदा जायला लागलाय?

दार उघडलं तर उदबत्तीचा वास. खंडेनवमी होती ना! आईनं, सगुणाबाईंनी, मशीन उचलून देवाजवळ पाटावर ठेवलेलं. हळदकुंकू, झेंडूची माळ. पडदा काळा.

"आये, हे बंद कुणी केलं?"

"मीच. आजच्या दिशी हत्याराला इसावा द्यावा, बाबा. गेणू तरी कुठं हात लावायचा?"

जयरामनं माळ बाजूला केली, प्लग लावला, बटण दाबलं. पडदा उजळला. त्यानं पावरीचा नंबर लावून पट्टी दाबली. पियानो. स्वच्छ, कारखान्यातून आलेला पियानो. पुढचा नंबर, त्याच्या पुढचा. सरिता दारात कॉम्प्युटर पोटाशी धरून तशीच उभी.

"पावरी लाव की," आई म्हणाली. "लय दिस झाले."

जयरामचा हात पट्टीवरच राहिला.

"आज नको, आये. आज पूजा हाय ना. उद्या लावतो."

"हां, ते बी खरं," ती म्हणाली. माळ सरळ केली, आणि वाकून प्लग काढला.