उलट्या आठ मात्रा

काही गाणी सरळमार्गी असतात. पहिल्या क्षणापासून ढोल, पाय हलले, विषय संपला. अशी गाणी एकाला एक जोडायला फारशी अक्कल लागत नाही. आता तर तेवढीही लागत नाही, कारण यंत्रावर एक बटण आलं आहे. ते दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात. ते बटण दाबून वर मिशीला पीळ देणाऱ्या डीजे लोकांबद्दल ताई जे बोलायची, ते छापण्यासारखं नाही.

ताई पंधरा वर्षं डीजे होती आणि तिचं नाव झालं होतं ते आडमुठ्या गाण्यांमुळे. म्हणजे अशी गाणी, जी सुरू होतात एकीकडे आणि त्यांचा ठोका असतो भलतीकडेच. कुठे गायिका समेच्या आधीच तोंड उघडते, कुठे नुसती बासरी घोळत राहते आणि ढोल कधी येणार याचा पत्ता नसतो. ताईची रीत साधी होती. डाव्या कानावर हेडफोन, त्यात पुढचं गाणं. उजवा कान मोकळा, त्यात हॉलमधलं चालू गाणं. दोन कानांनी दोन गाणी ऐकायची, वेगाची पट्टी केसभर वर-खाली करायची आणि दोन्ही एका चालीनं चालायला लागली की हळूच एकाचा आवाज उतरवून दुसऱ्याचा चढवायचा. नाचणाऱ्यांना गाणं बदललं हे कळायचं, कधी बदललं ते कळायचं नाही.

हा सगळा संसार दोन कानांवर चालत होता, आणि आठ महिन्यांपूर्वी त्यातला डावा कान गेला. आधी कापूस घातल्यासारखं झालं, मग शिट्टी वाजू लागली, मग शिट्टीही थांबली. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की आतली नस गेली, ती काही परत यायची नाही; उजवा आहे तो सांभाळा. ताई "बरं" म्हणाली आणि त्याच दुपारी एका कंपनीच्या संमेलनात गाणी लावायला गेली. घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. खोकेकाकांनाही नाही. खोकेकाका म्हणजे तिचे पहिल्या दिवसापासूनचे जोडीदार. स्पीकरची खोकी आणणारे, लावणारे आणि वायरींना पोटच्या पोरांसारखं जपणारे. का नाही सांगितलं? तर ती घाबरली होती. सांगितलं असतं तर खरं झालं असतं. आणि डीजे नसलेली ताई म्हणजे कोण, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तिनं एक युक्ती काढली. हेडफोन उजव्या कानावर घ्यायचा, काढायचा, पुन्हा घ्यायचा. मधल्या वेळेत हॉलचा ठोका पायानं धरून ठेवायचा. सरळमार्गी गाण्यांत हे खपून जायचं. आडमुठी गाणी तिनं गुपचूप यादीतून काढून टाकली, आणि कुणी मागितलंच तर "आज आणलं नाही हो" असं धडधडीत खोटं बोलू लागली.

मग धाकटीचं लग्न ठरलं.

धाकटी म्हणजे बहीण, ताईहून सात वर्षांनी लहान, आणि इतकी लाजाळू की चार माणसांनी एकदम पाहिलं तर चेहरा लालबुंद. तिनं लग्नात ताईकडे एकच गोष्ट मागितली. "आपलं स्वयंपाकघरातलं गाणं लाव. पण आधीच्या गाण्यातूनच सुरू कर हं, मध्ये थांबू नकोस. थांबलीस की सगळे बाजूला होतात आणि नवरीकडे बघत बसतात. मला गर्दीतच नाचायचंय."

स्वयंपाकघरातलं गाणं म्हणजे आडमुठ्यांचा मुकुटमणी. आई कामावरून येईपर्यंत दोघी बहिणी भांडी घासता घासता त्यावर नाचायच्या. सुरुवातीला नुसती गिटार, आणि ती ठोक्यावर नाही, तर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजते. ऐकणाऱ्याला शपथेवर वाटतं की हाच ठोका. अशा आठ मात्रा फसवून झाल्या की ढोल पडतो आणि नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो. लहानपणी धाकटी दर वेळी तिथं धडपडायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

असं गाणं जोडायचं तर त्या आठ मात्रा मन घट्ट करून उभं राहावं लागतं. चुकलंय, चुकलंय असं वाटत राहतं, हात शिवशिवतो. पण हॉलचा ठोका दुसऱ्या कानात धरून ठेवायचा आणि गिटारीच्या नादी लागायचं नाही. आता तो दुसरा कानच नव्हता. ताईनं घरी महिनाभर सराव केला. निम्म्या वेळा जमलं, निम्म्या वेळा नाही. लाज सोडून तिनं ते बटणही दाबून पाहिलं, पण बटणसुद्धा गिटारीलाच ठोका समजत होतं. शिवाय त्या जुन्या वादकांनी काही घड्याळ लावून वाजवलं नव्हतं, त्यामुळे चाल मध्येच पुढेमागे व्हायची.

"सुरुवात कापून टाक की," खोकेकाका म्हणाले. "थेट ढोलापासून लाव. कोणाला कळतंय?"

"तिला सुरुवातच हवीये, काका."

"मग तोंड पाडून का बसलीस? तुझ्यासाठी काय अवघड आहे त्यात?"

ताई हेडफोनची वायर गुंडाळत बसली.

लग्नाच्या दिवशी दुपारी चार वाजता हॉल भरलेला होता. जेवणं झाली होती, वडीलधाऱ्यांनी भिंतीकडेच्या खुर्च्या धरल्या होत्या आणि बाकीचे सगळे नाचत होते. फरशी दगडी होती, त्यामुळे तिच्यातून पायाला काहीच कळत नव्हतं. गर्दीच्या मधून धाकटीनं खूण केली. शेजारी नवरदेव होता. नाचाच्या बाबतीत त्याच्याकडे उत्साह सोडून काही नव्हतं.

ताईनं हेडफोन उजव्या कानावर ओढला आणि तिच्यापुरता हॉल गप्प झाला. पायानं एक-दोन-तीन-चार धरलं आणि गाणं सोडलं. गिटार आली, आणि दोनच मात्रांत पाय गिटारीला जाऊन मिळाला. ताईला वाटलं आपणच मागे पडलोय. तिनं गाणं जरा पुढे ढकललं आणि आवाज चढवला.

हेडफोन काढला तेव्हा दोन ढोल एकमेकांच्या अंगावर पडत होते, एकाच दारातून दोघं एकदम घुसावेत तसे. नाचणारे थबकले. कुणीतरी मोठ्यानं हसलं. ताईनं झटक्यात नवं गाणं बंद केलं. जुनं चालू राहिलं; त्याची आता जेमतेम दोन मिनिटं उरली होती. खोकेकाका आधी वायरी बघायला धावले. वायरी ठीक होत्या. मग ते उठून उभे राहिले आणि नुसते ताईकडे बघत राहिले.

आणि व्हायचं तेच झालं. माणसं बाजूला सरली आणि मोकळ्या जागेत मधोमध धाकटी. सगळे तिच्याकडे बघतायत. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोरीनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेवढंही आपल्याला देता आलं नाही.

धाकटी चालायला लागली. दाराकडे नाही, टेबलाकडे. पोशाख सावरत, लालबुंद चेहऱ्यानं, शे-दीडशे माणसांच्या नजरा अंगावर घेत ती अख्खी मोकळी फरशी ओलांडून टेबलामागे आली.

"चुकलं गं," ताई म्हणाली. "आता कापूनच लावते, ढोलापासून..."

धाकटीनं मान हलवली. हेडफोन उचलून तिनंच ताईच्या उजव्या कानावर बसवला. मग ताईच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि हॉलमधल्या गाण्याचा ठोका त्या खांद्यावर द्यायला लागली. एक, दोन, तीन, चार. समेला जरा जोरात.

ताई हबकली. म्हणजे हिला ठाऊक आहे! पण त्यावर विचार करायलाही सवड नव्हती. तिनं गाणं पहिल्यापासून घेतलं आणि सोडलं. गिटार आली, आपल्या नेहमीच्या लबाडीनं. पाय पुन्हा तिच्यामागे निघाला; खांदा हलला नाही. चुकलंय असं वाटत होतं, हात शिवशिवत होता. ताईनं फक्त चाल ढिली पडली तेव्हा केसभर ओढून घेतली, आवाज चढवला आणि खांद्यावर विश्वास ठेवला. पाच, सहा, सात, आठ. ढोल पडला तो थेट धाकटीच्या हाताखाली.

हॉल पुन्हा उसळला. गाणं कधी बदललं हे कुणाला कळलं नाही. नवरदेव हात वर करून धाकटीला शोधत एकटाच उड्या मारत होता.

ताईनं हेडफोन काढला. "जा ना, तुझं गाणं चाललंय."

धाकटी वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आली. "जाईन."

"कधी कळलं तुला?"

"थंडीतच. रस्त्यानं चालताना तू मला नेहमी आतल्या बाजूला ठेवायचीस, गाड्यांकडे स्वतः. आता मलाच गाड्यांकडे ढकलतेस आणि उजवा कान माझ्याकडे करतेस. म्हटलं, एक तर मी जड झाले असेन, नाहीतर हिचा कान."

ताईला हसूही आलं आणि डोळेही भरले. "मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. कधी सांगणार होतीस?"

"तुझं लग्न झाल्यावर."

"झालं की! सकाळीच झालं. सांग आता."

खोकेकाका टेबलाशी येऊन उभे होते. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा डावा कान गेलाय." गाण्याच्या आवाजात काकांना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला.

"काका, माझा डावा कान गेलाय!" ती ओरडली. "उजवा सांभाळायला सांगितलाय!"

पुढच्या दोन-चार नाचणाऱ्यांनीही ते ऐकलं असणार. खोकेकाकांनी कधी, कसा, असं काही विचारलं नाही. टेबलाच्या उजव्या अंगाला जे मोठं खोकं गाणं ओकत होतं, त्याच्याकडे ते गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड तिच्यापासून वळवायला लागले.