मलई कोण खातं?

दूध संकलन केंद्रातल्या तपासनिसाने अण्णांचा एक कॅन बाजूला ठेवला. गाईचं दूध ठीक होतं, पण उंटिणीच्या दुधात फॅट पुन्हा कमी. पाणी घातलेलं नाही, म्हणजे मलई काढून घेतली जातेय, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. उद्याही असंच आलं तर कॅन परत. देवाच्या पायावरचं फूलसुद्धा विचारल्याशिवाय न उचलणारे अण्णा मान खाली घालून घरी आले.

संशय थोरल्या मुलावर गेला, कारण त्याचं पोट. त्याने देवाशपथ सांगितलं, पण मध्येच ढेकर दिला, त्यामुळे शपथ कुणी खरी धरली नाही.

संध्याकाळी धाकटी सून धार काढताना बघायला उभी राहिली. पिल्लाने कासेला चार ढुशा दिल्या आणि उंटिणीने पान्हा सोडला. पिल्लाला बाजूला बांधून, एका पायावर उभं राहून, दुसऱ्या मांडीवर भांडं तोलत अण्णांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. कुठलाच देव रुसायला नको, म्हणून सगळ्यांना एकेक करून हाक, आणि दर हाकेला सडाला एकच ओढ. गाय आजवर हे निमूट ऐकत आली होती, तिच्या कासेत थोडं दूध साठून राहतं. उंटिणीला ती सोय नाही, आणि पान्हाही जेमतेम दोन मिनिटांचा. शेवटच्या देवाची पाळी येईपर्यंत तो आटला. अण्णांच्या हाती वरवरचं पातळ दूध लागलं. मागचं दाट आतच राहिलं आणि नंतर पिल्लाने सावकाश ओढून घेतलं. पिल्लू चांगलंच गुबगुबीत झालं होतं.

सुनेने सांगितलं, प्रार्थना आधी उरकून घ्या. अण्णा अडून बसले. नाव घेत घेतच कासेला हात लावायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत.

"देव थांबतो, बाबा," सून म्हणाली. "पान्हा थांबत नाही."

उंटीण रवंथ करत अण्णांकडे बघत होती. तिचा चेहरा असा, की जन्मात कुणावर विश्वास ठेवला नसेल.

सकाळी अण्णांनी एकही देव न गाळता प्रार्थना संपवली, मगच पिल्लू सोडलं. मग तोंड बंद आणि दोन्ही हात चालू. भांड्यात फेस चढला. एक सड सुनेने पिल्लासाठी ठेवायला लावला.

केंद्रावर तपासनिसाने यंत्रातला आकडा दोनदा पाहिला आणि विचारलं, मलई खाणारा सापडला का? मागे उभ्या थोरल्याने पोट आत ओढलं.

"मीच घालवत होतो," अण्णा म्हणाले. "डोळे मिटून."