माझ्या अंगावरची जाळी

कोळ्याचं जाळं अंगावर घेऊन जन्मलेला साप तुम्ही कधी पाहिलाय का? तोच मी बोलतोय, इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका घरातला, काचेच्या पेटीतला अजगर.

माझा मूळपुरुष आफ्रिकेच्या रानात असाच चुकून जाळीदार निपजला. रानात अशा चुकीचं कुणी कौतुक करत नाही. माणसांनी मात्र त्याला पकडलं आणि त्याच्यापासून पिढ्यानपिढ्या पिल्लं काढली. पिल्लांत जाळी उतरली, तिच्याबरोबर डोक्याचा बिघडलेला तोलही उतरला. समोर उंदीर धरला, तर मी त्याच्या शेजारची हवा चावतो.

माझा मालक गिरीश पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आला. तो मला 'लिमिटेड एडिशन' म्हणतो.

यंदा, २००८ साली, नागपंचमी बुधवारी आली. सुट्टी नव्हती, म्हणून नागोबाला शनिवारपर्यंत थांबवण्यात आलं. मी नाग नाही, मला फणा नाही. पण परदेशात चालतं. नागाला इजा होऊ नये म्हणून गिरीशच्या बायकोने, मीनलने, काही चिरलं-कापलं नाही. पुरणाची दिंडं उकडली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी पेटीला हळदीकुंकू लावलं आणि मी कधीच न पिणारं दूध पुढे ठेवलं.

"अगं, कसा डोलतोय बघ. पुंगीसुद्धा नाही," सुमनताई म्हणाल्या. सगळ्यांनी हात जोडले.

लंडनच्या ईलिंग भागातून आलेले पद्माकरकाका निवृत्त डॉक्टर. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"गिरीश, हा डोलत नाहीये. याला तोल सांभाळता येत नाही. जन्मजात दोष आहे."

"नॉर्मल आहे हो काका. ज्याने पैदास करून विकला तो ब्रीडर म्हणाला, जाळी हवी तर डोकं हलणारच. पॅकेज आहे ते."

"आणि उद्या याच्यासाठी मादी आणतोयस म्हणे?"

"हो, बुक केलीये."

मीनलने हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हणजे पिल्लंही अशीच?"

"अर्धी. बाकीची साधी निघतील, पण साधी कोण घेतं?"

"नको म्हणून कळव ना."

"आता आयत्या वेळी? बरं दिसतं का ते?"

काका आणखी काही बोलणार होते, पण सुमनताईंनी त्यांना आग्रहाने दुसरं दिंड वाढलं.

बाईमाणसांनो, बाप्यांनो, मला नमस्कार नको. माझी नक्षी आवडली, तर खुशाल बघा. फक्त हे डोकं आणखी कुणाच्या मानेवर बसवू नका. जाळी माझ्याबरोबर संपू द्या.

रविवारी सकाळी नऊ वाजता गिरीशने मादी आणली आणि माझ्या पेटीत सोडली. मीनल वरच्या खोलीतून खाली आली नाही.