रंगाची कोरी ओळ

मी एक जुनी लाकडी चौकट आहे. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. झाडांच्या फांद्या दाबून वाळवण्याची चौकट. सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये रद्दीचे कागद आणि वरून आवळायला दोन चामडी पट्टे, एवढाच माझा देह. रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या हमझा मिस्त्रींनी एका दाराच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं आणि रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गुणाजी सरांच्या हाती दिलं. "सर, ते दार फुगंल, पण ही नाय फुगणार," असं ते म्हणाले होते. ते खरं ठरलं.

मित्रांनो, माझा स्वभाव मी लपवणार नाही. मी मत्सरी आहे. फांदी वाळवायची मी. पण ती पांढऱ्या जाड कागदावर चिकटली की तिला नाव मिळतं, नंबर मिळतो, कॉलेजच्या कपाटात जागा मिळते. मी पुन्हा खुंटीवर. पण त्या कागदांपेक्षाही मला हेवा वाटायचा तो सुरभीचा.

सुरभी सरांची मुलगी. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरात बापलेक दोघंच असत. ती लहान असताना रविवारी सर आम्हा दोघींना घेऊन निडी गावाच्या वरच्या रानात जात. वाटेत एक ओढा आहे. तिथे सर मला दगडावर ठेवत, सुरभीला कडेवर घेऊन पलीकडे सोडत आणि मग माझ्यासाठी परत येत. दर वेळी आधी ती. मी दगडावर बसून ते पाहत असे.

तिलाही माझा राग होता. घरी आल्यावर सर तिच्याशी बोलायचे सोडून माझे ओले कागद बदलत बसत. नऊ वर्षांची असताना एका दुपारी तिने माझे दोन्ही पट्टे हळूच सैल केले. आठवडाभराच्या फांद्या आत सुरकुतल्या. सर म्हणाले, "माझ्याकडूनच सैल राहिले वाटतं." खरं फक्त तिला आणि मला ठाऊक होतं, आणि मी ते वर्षानुवर्षं मनात आवळून धरलं.

पुढे ती कंपनीत लागली आणि रविवारी झोपू लागली. मला बरं वाटलं. सर आता माझ्या एकटीचे झाले.

यंदाच्या मार्चमध्ये सरांना अंजनी फुललेली सापडली. अंजनी म्हणजे मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं बुटकं झाड. एरवी त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण फुललं की फांद्यांना निळे झुबके लगडतात. सरांनी तीन फांद्या घेतल्या आणि झाडाला लाल चिंधी बांधली. मे महिन्यात फळं घ्यायची ती याच झाडाची. घरी चिठ्ठीवर गाव, तारीख, उंची, सगळं लिहिलं. फक्त रंगाची ओळ कोरी ठेवली. फांदी वाळली की अंजनीचा निळा उडतो, मागे तपकिरी उरतो. म्हणून रंग लिहायलाच हवा, आणि सर तो कधी घाईत लिहीत नसत. एक झुबका पाण्याच्या पेल्यात ठेवून ते झोपले. सकाळच्या उजेडात बघून लिहिणार होते.

सकाळी सर उठले नाहीत.

घर माणसांनी भरलं. कुणीतरी तो पेला धुऊन पालथा घातला. सगळे सुरभीला जवळ घेत होते. माझे कागद ओले होत चालले होते. ते रोज बदलावे लागतात. माझ्या मनात आलं, कुजू दे. तिला कळू दे की त्यांचं शेवटचं काम माझ्यापाशी होतं, तिच्यापाशी नव्हतं.

सहाव्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"सुतकात हे काय काढलंस गो?" नंदा आत्या म्हणाली.

"आत्या, कागद बदलायचे राहिलेत."

दोन फांद्यांवर बुरशी आली होती. तिसरी वाचली, पण तिची फुलं तपकिरी झाली होती. सुरभीने चिठ्ठी वाचली आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. मोबाइलवर अंजनी शोधली तर तिला शंभर निळे दिसले. सरांच्या झाडाचा त्यात एकही नव्हता. झाडावरची फुलंही आता गळायला लागली असणार.

तेरावं झाल्यावर दुसऱ्याच सकाळी ती मला पाठीला लावून निडीला गेली. सरांना रानवाटा दाखवणारी मंगळी तिच्या वाडीच्या तोंडाशी भेटली.

"येवढी वर्सं कुठं होतीस गो?"

"कंपनीत."

"व्हय. झाडाला शिफ्ट नाय, म्हून ते हाय जागंवर." मग तिचा आवाज उतरला. "मास्तर फांदी तोडायच्या आधी मलाच इचारायचं, मंगळे, तोडू ना? मी काय झाडाची सासू हाय?"

सुरभी हसली आणि हसता हसता रडली. मंगळी पुढे चालू लागली.

लाल चिंधीच्या झाडाखाली निळा सडा सुकून पडला होता. वर, खोडाजवळ, एकच झुबका उरला होता.

"तोडू नको," मंगळी म्हणाली. "नुसतं बघ."

"निळा. पण कसला निळा, मंगळी?"

"कापडाला नीळ घालतो ना? त्यात बोट बुडवून काढलं की नखाच्या कडंला उरते, तसला."

सुरभीने तेच लिहिलं. सरांच्या अक्षराखाली तिचं अक्षर. चिठ्ठीवरच्या 'सोबत' या शब्दापुढे तिने मंगळीचं नाव घातलं, स्वतःचं नाही.

घरी येऊन तिने ती एकच फांदी कोरड्या कागदांत ठेवली आणि माझे पट्टे सर आवळत त्या चौथ्या भोकापर्यंत ओढले. मग कपाळ माझ्यावर टेकून म्हणाली, "बाबा, पट्टे मी सैल केले होते."

मी इतकी वर्षं धरून ठेवलेलं ते तिनेच सोडून दिलं. माझ्याजवळ रागवायला काही उरलं नाही.

आता मेमध्ये आम्ही फळांसाठी जाऊ. परवा रानात जाताना ओढ्यापाशी तिने आधी मला पलीकडे नेऊन ठेवलं होतं आणि मग मंगळीला हात द्यायला ती मागे वळली होती. तीस वर्षं मला हाच मान हवा होता. मिळाला तेव्हा मी पलीकडून, सर मला ठेवत त्या रिकाम्या दगडाकडेच बघत होते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रानातून, शेतातून, कामावरून येत असेल, तर आज काय पाहिलं ते त्याच संध्याकाळी विचारा. पान माझ्यासारखी चौकट सांभाळेल. रंग मात्र माणसालाच सांगावा लागतो.