दोन काळ्या तारा

मित्रांनो, मी एक जुना ऑप-ॲम्प आहे, म्हणजे सर्किटमधली एक इवलीशी चिप. पाय आठ, पण जन्मात पाऊलभर चाललो नाही. काकूंच्या अंडी उबवायच्या पेटीत माझी नोकरी होती. पेटी किती उबदार हवी हे मला एका पायातून कळे, प्रत्यक्षात किती आहे हे दुसऱ्यातून. मग मी तळाच्या पट्टीत करंट सोडत असे. तो सरळ गेला की पट्टी तापे, उलटा गेला की गार होई. "या पेटीला माझ्यापेक्षा जास्त कळतं," असं काकू म्हणाल्या की मी सुखावून जायचो.

यंदा काकूंची लाडकी बदकीण कुत्र्याने फाडली. मागे राहिली तिची अंडी. अर्धी काकूंनी माझ्याकडे सोपवली, अर्धी एका कोंबडीखाली ठेवली. पिल्लं आतून टकटक करू लागली आणि नेमक्या पट्टीच्या तारा तुटल्या.

काकूंचे धाकटे दीर म्हणजे सगळ्यातले जाणकार. त्यांनी पेटी भर उन्हात उघडली. लाल तार संपली होती, म्हणून दोन्ही काळ्याच घातल्या.

"भावजी, कुठली कुठे ते बघा हं."

"वहिनी, करंट इकडून गेला काय, तिकडून गेला काय, पोचला म्हणजे झालं!"

तारांची अदलाबदल झाली. पेटी उन्हाने जराशी जास्त तापली होती, म्हणून मी नेमाने करंट उलटा फिरवला. गारवा येईना, ऊबच वाढली. मला वाटलं, आपणच कमी पडतोय. मी आणखी जोर लावला. जितका जोर, तितका ताप. टकटक वाढली, मग एकेक करून थांबली. मी मात्र थांबलो नाही. थांबायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी काकू एक अंडं कानाशी धरून कितीतरी वेळ बसल्या.

"उकडली की हो! मीठ आणा," भावजी हसले. मग त्यांनी मला चिमट्याने उपटलं. "हाच नालायक. नवा बसवतो."

आता मी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. माझ्या जागी माझा नवाकोरा भाऊ बसलाय. तारांना कुणी हातही लावलेला नाही. आज कोंबडी अंड्यांवरून उठून गेली ती परतलीच नाही. काकूंनी पेटी आधीच उन्हात तापवून ठेवली होती. उरलेली अंडी त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली आणि एकेक करून आत मांडली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्या तारा बघायला कुणीतरी काकूंना सांगा हो. त्यांनी झाकण लावलंय. हात बटणाकडे गेलाय.