सगळ्यात शेवटी मी

मी ‘धन्यवाद’ची स्लाइड बोलतेय. हो, तीच, गुलाबाच्या फुलांची. मी पडद्यावर आले की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. किती वर्षं मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय! सुटलो एकदाचे, म्हणून वाजवायचे हो.

माझा जन्म कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी बाईंच्या लॅपटॉपवर झाला. वार्षिक मेळाव्यात त्यांचं भाषण असायचं. सुरुवातीला माझ्यापुढे मोजक्याच स्लाइड होत्या. पण आमच्याकडे एक रीत पडली. भाषण कुणाचंही असो, प्रत्येक खातेप्रमुखाची स्लाइड त्यात हवीच, तीही फोटोसकट. एकाची घेतली की दुसऱ्याचं तोंड वाकडं. मी आपली मागे मागे ढकलली जात राहिले.

गेल्या मेळाव्यात माझी पाळी येईपर्यंत अर्धी माणसं उठून गेली होती, उरलेली पेंगत होती. सुरक्षेची जाळी काढून मशीन चालवू नका, हे बाईंचं सांगणं कुणाच्या कानावरच गेलं नाही. पुढच्याच महिन्यात एका कामगाराची बोटं मशीनमध्ये गेली. बाई त्याला भेटून आल्या आणि लॅपटॉपसमोर बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं.

यंदा त्यांनी स्वयंपाकघरात तालीम केली. सासूबाई मटार सोलत ऐकत होत्या.

“अगं, त्या पोराच्या बोटांचं कधी सांगणार? माझे मटार सोलून झाले, तुझे साहेब काही संपेनात!”

“आई, एकाला जरी वगळलं तरी रुसतील हो ते.”

“रुसू देत. रुसवा काढता येतो. त्याची बोटं येणारेत का परत?”

बाईंनी तिथेच सपासप स्लाइड उडवल्या. फक्त एक फोटो ठेवला, त्या कामगाराच्या हाताचा, त्याला विचारून. मला मात्र काढून टाकलं नाही, नुसतं लपवलं. जीव होता त्यांचा माझ्यावर.

मेळाव्यात त्यांनी तो फोटो दाखवला, काय घडलं ते थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, “आज कुणाच्या मशीनची जाळी काढलेली आहे?”

खातेप्रमुख एकमेकांकडे बघू लागले.

मागून एकजण चाचरत उठला. “मॅडम, आमच्या प्रेस मशीनची. आत्ताही जोडीदार चालवतोय. काम पटापट उरकतं म्हणून...” मग दुसरा उठला, तिसराही.

“आत्ताच्या आत्ता बंद करा ती मशीनं,” मोठे साहेब म्हणाले आणि स्वतःच उठले. बाईही त्यांच्यामागे धावल्या. आभार मानायचे राहूनच गेले.

मी अजून लपलेलीच आहे. बाई, पुढच्या वर्षीही मला बाहेर काढू नका. त्या प्रेसवरचा माणूस संध्याकाळी धडधाकट हातांनी घरी गेला. माझं काय, मी इथे बरी आहे.